नव्या घराची राखण : पुतण्यास पत्र

यवतमाळ



घर सुरक्षित आहे की नाही, हे त्याच्या दाराला कोणते कुलूप लावले आहे यापेक्षा त्या दारावर किती ओळखीच्या माणसांची नजर आहे यावरून अधिक ठरते, आणि यवतमाळ शहराच्या कडेने, आर्णी, दारव्हा, धामणगाव व पांढरकवडा या रस्त्यांना लागून वाढत चाललेल्या ले-आऊटमध्ये नेमकी हीच नजर कमी असते. तेथे दोन घरांच्या मध्ये चार-सहा प्लॉट रिकामे असतात, त्यांत पावसाळ्यानंतर कमरेएवढे गवत वाढलेले असते, शेजारी नोकरीच्या गावाहून आठवड्याने येतो आणि रस्त्यावरचा दिवा कोणाच्या तक्रारीने लागणार हेही ठरलेले नसते. चिरंजीव पुतण्याने अशाच वस्तीत घर बांधले आहे आणि त्याचे आईवडील मात्र राळेगाव तालुक्यातल्या गावीच राहणार आहेत. म्हणून शहरातल्या घराची आणि गावातल्या घराची अशी दोन्हींची राखण येथे विचारात घेणे आवश्यक आहे.

पोलीस ज्याला घरफोडी म्हणतात, त्याचा कायद्यातला अर्थ भिंत फोडण्यापुरता मर्यादित नाही. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय न्याय संहितेच्या कलम ३३० मध्ये घरफोडीचे जे प्रकार सांगितले आहेत, त्यांत माणसाने ये-जा करण्यासाठी नसलेल्या वाटेने आत शिरणे आणि गुन्ह्यासाठी कुलूप उघडणे यांचाही समावेश होतो, आणि सूर्यास्तानंतर व सूर्योदयापूर्वी चोरीसाठी केलेल्या घरफोडीला चौदा वर्षांपर्यंत कारावासाची तरतूद आहे. कायदा इतका कडक असूनही फिर्यादीत वर्षानुवर्षे एकच वाक्य लिहिले जाते, ते म्हणजे ‘कडीकोयंडा तोडून आत प्रवेश केला’. हे वाक्य घर बांधणाऱ्याने नीट वाचले पाहिजे, कारण कुलूप शाबूत राहते आणि तुटतो तो कोयंडा. हजार रुपयांचे भारी कुलूप ज्या कोयंड्यात अडकवलेले असते, तो कोयंडा बहुतेक घरांत अर्ध्या-पाऊण इंचाच्या स्क्रूने चौकटीच्या लाकडात बसवलेला असतो, आणि लोखंडी टॉमीच्या एका हिसक्यासरशी तो स्क्रूसकट निघून हातात येतो. सुताराला सांगून कोयंडा दाराच्या आरपार बोल्टने बसवावा, त्याचे नट आतल्या बाजूला घ्यावेत आणि बाहेर दिसणाऱ्या कुलुपाऐवजी दारातच बसणारे कुलूप लावावे, कारण बाहेर लोंबणारे कुलूप घरात कोणी नसल्याची जाहिरात करते. विदर्भातल्या घरांची आणखी एक दुबळी जागा म्हणजे कूलरची खिडकी. एप्रिल-मेमध्ये कूलर बसवण्यासाठी खिडकीचे गज कापून चौकोन केला जातो, कूलर बाहेरच्या स्टँडवर ठेवला जातो, आणि तो ढकलून बाजूला केला की एक माणूस सहज आत उतरेल एवढी वाट मोकळी होते. म्हणून त्या चौकोनाला बिजागरीवर उघडणारी व आतून कुलूप लागणारी जाळी सुरुवातीलाच करून घ्यावी.

उन्हाळ्यात गच्चीवर झोपण्याची रीत येथे जुनी आहे आणि उष्मा पाहता ती सोडण्याचा सल्ला कोणी देणार नाही. परंतु गच्चीवर जाताना खालचे मागचे दार नुसते लोटून ठेवण्याची सवय मात्र सोडली पाहिजे, कारण वरच्या मजल्यावर घरची माणसे झोपलेली असताना खाली कपाट फोडले गेल्याच्या तक्रारी दर उन्हाळ्यात पोलीस ठाण्यांत येतात. लग्नसराई, दिवाळी आणि शाळांच्या सुट्ट्या या काळांत बंद घरे वाढतात आणि पोलीसही याच वेळी नागरिकांना आवाहने करतात. प्रवासाला निघाल्याची छायाचित्रे परत आल्यावरच टाकावीत, दूध व वर्तमानपत्र बंद करण्यास सांगावे, संध्याकाळी एखादा दिवा लागेल अशी व्यवस्था करावी आणि शेजाऱ्याला जाण्या-येण्याचे दिवस सांगून ठेवावेत, अशी ही आवाहने ऐकून ऐकून गुळगुळीत झाली आहेत, तरीही त्यांतले शेवटचे वाक्य इतर सर्वांपेक्षा मोलाचे आहे. सीसीटीव्ही कॅमेरा चोरी झाल्यानंतर तपासाला उपयोगी पडतो, तर जागा शेजारी चोरी होण्याआधीच उपयोगी पडतो. म्हणून कॅमेऱ्यावर खर्च करण्यापूर्वी त्या ले-आऊटमधल्या प्रत्येक घरी एकदा जाऊन ओळख करून घ्यावी, हे या पत्राचे स्पष्ट मत आहे.

दागिने आणि रोख रक्कम यांबाबतीत थोडी शिस्त पुरते. बँकेच्या लॉकरविषयी अनेकांच्या मनात शंका असते. त्यांनी हे लक्षात घ्यावे की १ जानेवारी २०२२ पासून लागू असलेल्या रिझर्व्ह बँकेच्या नियमांनुसार आग, चोरी, दरोडा किंवा कर्मचाऱ्याची अफरातफर यांमुळे लॉकरमधील वस्तूंचे नुकसान झाल्यास बँकेची जबाबदारी वार्षिक भाड्याच्या शंभर पटीपर्यंत असते. ही भरपाई सोन्याच्या पूर्ण किमतीला पुरेलच असे नाही, तरीही लोखंडी कपाटाच्या चोरकप्प्यापेक्षा लॉकर कधीही बरा. घरातली पोत, एकदाणी, गोफ असा प्रत्येक दागिना पावतीसह एका कापडावर मांडून त्याची छायाचित्रे काढून ठेवावीत. चोरीचा माल, म्हणजे पोलिसांच्या भाषेत मुद्देमाल, पुढे हस्तगत झाला तरी तो न्यायालयाच्या आदेशानेच परत मिळतो आणि त्या वेळी हा दागिना आपलाच आहे हे दाखवावे लागते. कापसाचा चुकारा, म्हणजे विकलेल्या मालाचे पैसे, शक्यतो खात्यातच घ्यावा. रोख घ्यावाच लागला तर बँकेतून किंवा बाजार समितीतून निघाल्यावर ती रक्कम मोटारसायकलच्या डिक्कीत ठेवून चहाला थांबू नये, कारण पाळत ठेवणाऱ्याला डिक्की उघडण्यास चहाचा एक कपही पुरेसा वेळ देतो.

दार न फोडता होणारी चोरी आता अधिक सावधपणे ओळखावी लागते. तिचा जुना प्रकार तोतया पोलिसांचा आहे. वयस्कर स्त्रीला रस्त्यात थांबवून ‘पुढे खून झाला आहे, दागिने काढून ठेवा’ असे सांगितले जाते, तिच्यासमोरच दागिने कागदात गुंडाळले जातात आणि पुडी परत देताना बदलली जाते, आणि घरी जाऊन उघडल्यावर तीत खडे निघतात. खरा पोलीस कोणाच्याही अंगावरचे दागिने असे काढून बांधून देत नाही. भांडी व दागिने चकचकीत करून देतो म्हणून दारात येणाऱ्यांचा प्रकारही याच जातीचा आहे. नव्या प्रकारात माणूस दारात येतच नाही, फोनवर येतो. वर्दी घातलेला चेहरा व्हिडिओ कॉलवर दिसतो, तुमच्या आधार क्रमांकावर अमली पदार्थांचे पार्सल सापडले असे सांगितले जाते, फोन बंद न करण्याची तंबी दिली जाते आणि त्यास ‘डिजिटल अरेस्ट’ असे भारदस्त नाव दिले जाते. भारतीय कायद्यात अशी कोणतीही अटक नाही. कोणताही पोलीस अधिकारी फोनवरून अटक करत नाही किंवा चौकशीसाठी पैसे खात्यात भरायला लावत नाही. पैसे गेलेच तर लाज न बाळगता तत्काळ १९३० या राष्ट्रीय सायबर मदत क्रमांकावर कळवावे; रक्कम पुढच्या खात्यांत फिरण्यापूर्वी ती गोठवता येते, त्यामुळे येथे एकेक मिनिट महत्त्वाचे असते. गावी राहणाऱ्या आईवडिलांना हे सावकाश, दोनदा, उदाहरण देऊन सांगणे हे चिरंजीवाचे काम आहे, कारण सरकारी नावाचा धाक त्यांच्या पिढीला अधिक वाटतो आणि चोर नेमका त्याच धाकावर जगतो.

एवढे करूनही चोरी झालीच, तर आत शिरण्यापूर्वी ११२ हा क्रमांक लावावा. महाराष्ट्रात हा फोन नवी मुंबई व नागपूर येथील केंद्रांत उचलला जातो आणि तेथून जवळच्या पोलीस वाहनाला निरोप जातो, म्हणून बोलणाऱ्याने जिल्हा, तालुका, रस्ता आणि जवळची ठळक खूण या क्रमाने सांगावे. ‘देवळाच्या मागे’ एवढ्याने नवी मुंबईतल्या माणसाला काही कळत नाही. कपाटाला, दाराच्या मुठीला, सांडलेल्या डब्यांना हात लावू नये, कारण अंगुलिमुद्रा तज्ज्ञ आणि श्वानपथक येईपर्यंत ती जागा जशीच्या तशी राहणे हाच तपासाचा पाया असतो. घरातली माणसे दुःखाच्या भरात सगळे आवरून ठेवतात आणि पुरावा पुसून जातो. भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १७३ प्रमाणे दखलपात्र गुन्ह्याची खबर, तो कोणत्याही ठाण्याच्या हद्दीत घडला असला, तरी कोणत्याही ठाण्यात देता येते. यालाच शून्य क्रमांकाने नोंदवलेला गुन्हा म्हणतात. खबर देणाऱ्याला तिची प्रत विनामूल्य मिळते, आणि ती मागून घेण्यात संकोच नसावा.

गावातल्या घराचा विचार थोडा वेगळा आहे. जुन्या गावगाड्यात रात्रीची राखण जागल्या करीत असे आणि तो भार वतनाच्या नावाखाली विशिष्ट जातींच्या माथी मारलेला होता. त्यांच्या जागरणावर गाव निश्चिंत झोपत होते, ही गोष्ट विसरण्यासारखी नाही. आज महाराष्ट्र ग्राम पोलीस अधिनियम १९६७ प्रमाणे नेमलेला पोलीस पाटील हा गावातला कायद्याचा दुवा आहे. गावातल्या घडामोडी, अनोळखी माणसांचा वावर आणि संभाव्य गुन्हा यांची माहिती दंडाधिकारी व पोलिसांना देणे हे त्याचे कर्तव्य आहे, आणि गावातल्या तरुणांचे ग्रामसुरक्षा दल पोलिसांच्या देखरेखीखाली गस्त घालू शकते. गावातल्या घरात आणखी एक कुलूप लागते, आणि ते चोरासाठी नसते. २०१७ च्या खरिपात कपाशीवर फवारणी करताना झालेल्या विषबाधेने यवतमाळ जिल्ह्यात वीसहून अधिक शेतकरी व शेतमजूर दगावले, तेव्हापासून या जिल्ह्याला कीटकनाशकाची ओळख नव्याने करून द्यावी लागत नाही. असे असूनही अर्धी उरलेली बाटली धान्याच्या कोठीशेजारी किंवा न्हाणीघराच्या कोनाड्यात ठेवलेली अनेक घरांत दिसते. ती वेगळ्या पेटीत, कुलपात आणि किल्ली एकाच जबाबदार माणसाकडे अशी ठेवली, तर लहान मूल वाचते, आणि मन खचलेल्या एखाद्या मोठ्या माणसाच्या हाती त्या वाईट घडीला विष लागत नाही. घरातल्या कोणत्याही तिजोरीपेक्षा ही पेटी आधी घ्यावी.

आता जी गोष्ट सर्वांत अधिक आग्रहाने सांगावयाची आहे ती गस्तीविषयीच आहे. १ जुलै २०१८ रोजी धुळे जिल्ह्यातल्या साक्री तालुक्यात राईनपाडा येथे, आठवडी बाजाराच्या दिवशी, भिक्षेसाठी फिरणाऱ्या नाथपंथी डवरी गोसावी समाजातल्या पाच जणांना मुले पळवणारी टोळी समजून जमावाने ठार मारले. त्यांतले बहुतेक सोलापूर जिल्ह्यातल्या मंगळवेढ्याकडचे होते. त्याआधी मोबाइलवर मुले पळवणाऱ्यांचे संदेश फिरत होते आणि ते पुढे पाठवणारा प्रत्येक जण स्वतःला जागरूक नागरिक समजत होता. १६ एप्रिल २०२० रोजी पालघर जिल्ह्यातल्या गडचिंचले येथे चोरांच्या अफवेने पेटलेल्या जमावाने दोन साधू व त्यांचा वाहनचालक यांचा जीव घेतला. या दोन्ही गावांत लोकांना आपले घर आणि आपली मुलेच राखायची होती. राखणीची इच्छा आणि अफवा एकत्र आल्या की सज्जन माणसाच्या हातून खून होतो, आणि नंतर त्या गावाला तुरुंग, पोलिसांचा ससेमिरा आणि आयुष्यभराची लाज यांखेरीज काही मिळत नाही.

यवतमाळ जिल्ह्यात हा धोका अधिक ओळखून वागले पाहिजे, कारण येथे पारधी समाजाचे बेडे, म्हणजे वस्त्या, आहेत आणि भटकंती करून पोट भरणारी कुटुंबे दर हंगामात येतात. इंग्रजी राजवटीने १८७१ च्या कायद्याने आणि त्याच्या पुढच्या विस्तारांनी अनेक जमातींना जन्मतःच गुन्हेगार ठरवले होते; तो कायदा ३१ ऑगस्ट १९५२ रोजी रद्द झाला, त्या जमातींना विमुक्त म्हटले जाऊ लागले, परंतु चोरी झाली की बोट प्रथम बेड्याकडे दाखवण्याची खोड मात्र रद्द झाली नाही. संशय कृतीवरून घ्यावा, जातीवरून किंवा कपड्यावरून घेऊ नये. रात्री दोन वाजता बंद घराच्या कुंपणावरून उतरणारा माणूस संशयास्पद आहे. दुपारी झाडाखाली पाल ठोकून स्वयंपाक करणारे कुटुंब संशयास्पद नाही. डोळ्यांदेखत गंभीर गुन्हा करणाऱ्याला सामान्य नागरिकही धरू शकतो, परंतु भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम ४० प्रमाणे त्याला विनाविलंब, आणि फार तर सहा तासांच्या आत, पोलिसांच्या हवाली करावे लागते. स्वसंरक्षणाचा हक्क धोका असेपर्यंतच आणि गरजेपुरताच असतो, त्यामुळे बांधून ठेवलेल्या माणसाला मारलेली एक थप्पडसुद्धा गुन्हाच ठरते. ले-आऊटच्या मोबाइल गटावर एखाद्या अनोळखी माणसाचे छायाचित्र आणि खाली ‘सावधान’ असे आले, तर चिरंजीवाने ते पुढे पाठवू नये, ठाण्यात फोन करून खातरजमा करावी आणि जे कळले ते त्याच गटावर स्वतःच्या नावाने लिहावे. गटातल्या एका माणसाने असे केले तरी वस्तीची रात्र शांततेत जाते.

दिवाळीला गावी निघण्यापूर्वी नव्या घराचा कोयंडा बोल्टने बसवून घेतल्याचे, दोन शेजाऱ्यांशी बोलून ठेवल्याचे आणि आईवडिलांच्या फोनमध्ये ११२ व १९३० हे दोन्ही क्रमांक त्यांना वाचता येतील अशा अक्षरांत घालून दिल्याचे उत्तरी अवश्य कळवावे.

काकांचे आशीर्वाद.