मीठ, साखर आणि पाणी

लेकराला हगवण लागली की जुनी माणसं म्हणत, "पाणी देऊ नका, आणखी पातळ होईल." हे चूक आहे. हगवणीत माणूस दगावतो तो बहुतेक वेळा अंगातलं पाणी आटल्यामुळं. मडकं गळत असेल तर आपण वरून पाणी ओततो की नाही? तसंच हे.

पण नुसतं पाणी पुरत नाही. जुलाबातून अंगातलं मीठही जातं. म्हणून पूर्वी डॉक्टर शिरेतून सलाईन देत. त्याला बाटली हवी, सुई हवी, जाणता माणूस हवा. वाडीवस्तीवर हे कुठून आणायचं?

अमेरिकेत रॉबर्ट क्रेन नावाचे शास्त्रज्ञ विद्यापीठात आतड्याचा अभ्यास करीत होते. पटकीवर औषध शोधायला ते बसले नव्हते. साखर आतड्यातून रक्तात जाते कशी, एवढंच त्यांना पाहायचं होतं. १९६० साली त्यांनी सांगितलं, साखर आणि मीठ जोडीनं आत शिरतात. मिठामागून पाणी जातं. पुढं ढाका आणि कलकत्ता इथं संशोधकांनी पटकीचे रोगी तपासले. पटकीतही हे दार उघडंच राहतं, असं दिसलं. तरी पुष्कळ डॉक्टरांना ते पटेना. एवढ्या मोठ्या रोगावर मीठ-साखरेचं पाणी!

१९७१ साली बांगलादेशात लढाई पेटली. लाखो माणसं पश्चिम बंगालात आली. बनगावच्या छावणीत पटकीची साथ आली. इस्पितळात रोगी जमिनीवर पडलेले, आणि सलाईन संपत आलेलं. तिथं डॉ. दिलीप महालनबीस होते. कलकत्त्यात अमेरिकेच्या जॉन्स हॉपकिन्स विद्यापीठाचं संशोधन केंद्र होतं, त्यात ते काम करीत. त्यांनी मीठ, खायचा सोडा आणि ग्लुकोज पाण्यात कालवून तोटीच्या पिंपांत भरलं. रोग्यांच्या आयाबहिणींनीच ते पेल्यांनी पाजलं. आधी शंभरातले तीसेक रोगी दगावत होते. हे पाणी मिळालं तिथं चारहून कमी दगावले. डॉक्टर २०२२ साली वारले. २०२३ साली सरकारनं त्यांना मरणोत्तर पद्मविभूषण दिलं.

ही पुडी आता आशाताईंकडे आणि सरकारी दवाखान्यात मिळते. तिच्यावर लिहिलेलं वाचा आणि तेवढ्याच पाण्यात ती कालवा. पुडी नसेल तर घरी करा. उकळून गार केलेलं एक लिटर पाणी घ्या. त्यात चहाच्या चमच्यानं सहा चमचे साखर आणि अर्धा चमचा मीठ घाला. चमचा सपाट हवा, शीग नको. मीठ जास्त झालं तर अपाय होतो. चव पाहा, आसवांहून खारट लागलं तर टाकून द्या.

दर जुलाबानंतर थोडंथोडं पाजा. उलटी झाली तर दहा मिनिटं थांबा, मग चमच्या-चमच्यानं द्या. अंगावरचं दूध तोडू नका. डोळे खोल गेले, लघवी होईना, मूल निपचित पडलं किंवा शौचातून रक्त आलं, तर तडक दवाखाना गाठा. वाटेतही पाजत राहा. उरलेलं पाणी दुसऱ्या दिवशी वापरू नका, नवं करा.