विचारांवर पहारा बसवू नका

पॅनिकच्या झटक्याने मला जेवढं छळलं, त्याहून जास्त ‘विचार करू नकोस’ या सल्ल्याने छळलं. कात्रजच्या बोगद्यात पहिल्यांदा छाती धडधडली, हात बधिर झाले, श्वास पुरेना. ईसीजी, टूडी एको, थायरॉईड, सगळं नीट निघालं. तपासणाऱ्या डॉक्टरांनी माझ्याकडे न बघता यजमानांना सांगितलं, ‘मनाचे खेळ आहेत. यांना जास्त विचार करू देऊ नका.’ समोर बसलेय मी!

मग घरात सगळेच राखणीला बसले. जरा गप्प झाले की दीर म्हणायचे, ‘वहिनी, परत सुरू झालं का? मन घट्ट करा.’ बनेश्वरच्या देवळात नेलं, तिथेही तेच. रात्री मी माझंच डोकं तपासत पडायची: आला का विचार? आला, म्हणजे आता झटका येणार.

पुढे पुण्यात एका समुपदेशक ताईंनी विचारलं, ‘विचार आला तर काय होईल असं वाटतं?’ मी म्हटलं, ‘ताबा सुटेल, वेड लागेल.’ त्या म्हणाल्या, ‘म्हणजे तुम्ही आता छातीला नाही, विचाराला घाबरताय.’ मला रडूच आलं. इतके महिने हे कुणाला दिसलं नव्हतं, आणि दोष मात्र माझ्या कमकुवत मनाला.

त्यांनी समजावलं ते असं. मानसशास्त्रज्ञ डेव्हिड क्लार्क यांनी 1986 मध्ये मांडलं की साधी धडधड ‘हार्ट अटॅक’ वाटली की भीती वाढते, भीतीने धडधड वाढते. एड्रियन वेल्स यांनी पुढचा पदर दाखवला: ‘माझे विचार धोकादायक आहेत, ते आवरलेच पाहिजेत’ हा समजच माणसाला सतत स्वतःवर नजर ठेवायला लावतो. 1987 मध्ये डॅनियल वेग्नर यांनी लोकांना पांढऱ्या अस्वलाचा विचार करू नका म्हटलं, तर तेच अस्वल परत परत मनात येत राहिलं. दिरांना हे सांगितलं. ऐकून घेतलं, बोलले काहीच नाहीत.

छातीत दुखलं तर पहिल्यांदा हृदय तपासून घ्याच, अंगावर काढू नका. पण सगळं नीट निघाल्यावर दर आठवड्याला ईसीजी नको, आणि बीपीचं मशीन उशाशी तर मुळीच नको. नाडी मोजणं सोडा. ‘मी मरणार’ हा विचार आला तर येऊ द्या, त्याच्याशी भांडू नका, हातातली भाजी निवडत राहा. झटका काही मिनिटांत शिगेला पोचतो आणि ओसरतो; त्याने वेड लागत नाही. बसने जाणं बंद करू नका, मी अजून त्याच बोगद्यातून जाते. झोप, जेवण वेळेवर ठेवा. गोळ्या चालू असतील तर मनाने बंद करू नका. आणि डॉक्टर तुमच्याऐवजी नवऱ्याशी बोलत असतील तर डॉक्टर बदला. नसरापूरसारख्या गावातून पुण्याला जाणं जमत नसेल तर टेलिमानस या मानसिक आरोग्याच्या सेवेचा 14416 हा सरकारी नंबर फुकट आहे, रात्रीही लागतो आणि मराठीत बोलता येतं. फोन स्वतः करा, घरच्यांना करायला लावू नका.