साथीचा रोग आणि देशावरचे कर्ज

साथीचे रोग कसे पसरतात, हे आपण नेहमी वाचतो. परंतु साथ आल्यावर तिला तोंड देण्याची ताकद एखाद्या देशात का असते आणि दुसऱ्यात का नसते? याचे एक कारण रोगजंतूंत नसून कर्जाच्या वहीत असते.

आपल्या इटियाडोह भागातील धान उत्पादकाला हे समजावून सांगायला नको. धानाचे चुकारे आले की आधी पीककर्ज, मग दवाखाना. तोवर ताप-खोकला अंगावर काढणारे कितीतरी रुग्ण मी पाहतो. कर्जबाजारी देशांचेही तसेच होते.

कर्ज कोणत्या चलनात?

कर्ज सदैव वाईट नसते. एप्रिल २०२० मध्ये कोरोनासाठी भारताने जागतिक बँकेकडून १०० कोटी आणि आशियाई विकास बँकेकडून १५० कोटी डॉलर घेतले. आपल्या सरकारचे बहुतेक कर्ज मात्र देशातलेच आणि रुपयातले आहे. त्यामुळे अडचणीत आणखी कर्ज काढता आले. तरीही करवसुली घटल्याने मे २०२० मध्ये महाराष्ट्र शासनाला विकासखर्चाला मोठी कात्री लावावी लागली.

ज्यांचे कर्ज डॉलरमध्ये, त्यांची स्थिती अधिक बिकट. स्वतःचे चलन घसरले की न घेतलेले कर्जही डोक्यावर चढते.

श्रीलंकेचे उदाहरण घ्या. तेथील मोफत सरकारी रुग्णसेवा नावाजलेली. २०१६ मध्ये हा देश हिवतापमुक्त जाहीर झाला. याचे मोल पूर्व विदर्भातील आपणांस कळेल. पण कोरोनात पर्यटन बुडाले, त्यात सरकारचे काही निर्णय चुकले आणि डॉलर आटले. एप्रिल २०२२ मध्ये परकीय कर्जाची परतफेड थांबवावी लागली. औषधे बहुतांशी आयातीची, त्यामुळे रुग्णालयांत तुटवडा पडला व काही शस्त्रक्रिया पुढे ढकलाव्या लागल्या. डॉक्टर होते, खाटा होत्या; औषध नव्हते.

हप्ता लांबला, माफ झाला नाही

मे २०२० ते डिसेंबर २०२१ या काळात जी-२० देशांनी गरीब राष्ट्रांचे हप्ते स्थगित केले. पात्र ७३ देशांपैकी ४८ देशांनी लाभ घेतला. परंतु हे पुनर्गठन होते, कर्जमाफी नव्हे. खासगी सावकारांनी यात जवळजवळ भाग घेतलाच नाही. आफ्रिकेतील झांबिया नोव्हेंबर २०२० मध्येच हप्ता चुकवून बसला.

आपणही गाफील राहू नये. २०२५-२६ च्या केंद्रीय अंदाजपत्रकात खर्चाच्या दर रुपयातील २० पैसे व्याजाचे आहेत. केंद्राच्या आरोग्य खात्याला जेमतेम दोन पैसे.

आपण काय करावे?

साथ आल्यावर परिचारिका आणि तंत्रज्ञ एका दिवसात तयार होत नाहीत. म्हणून तयारी साथ नसतानाच हवी.

१) ग्रामसभेत प्राथमिक आरोग्य केंद्रातील रिक्त पदे व औषधसाठा यांची चौकशी करा.

२) ग्राम आरोग्य समितीच्या निधीचा हिशेब विचारा.

३) ताप आल्यास चुकाऱ्याची वाट पाहू नका. आशाताईंकडून किंवा सरकारी केंद्रात हिवतापाची रक्ततपासणी मोफत होते. लवकर निदान झाल्यास रुग्ण वाचतो, साथ थांबते आणि घरावर नवे कर्जही चढत नाही.