गिधाडे कशाने गेली?

पन्नाशी ओलांडलेल्या शेतकऱ्यांना आठवत असेल. गावाबाहेर मेलेले जनावर टाकले की तासाभरात आकाशात गिधाडे घिरट्या घालू लागत आणि संध्याकाळपर्यंत फक्त हाडे उरत. आज तेच जनावर चार दिवस कुजत पडते, नाहीतर कुत्री ओढतात. हा बदल कसा झाला आणि त्याचे कारण कसे सापडले, ते समजून घेऊ.

पहिली गोष्ट मोजणीची. नुसते "पूर्वी पुष्कळ होती" म्हणून भागत नाही. भरतपूरच्या पक्षी उद्यानात विभू प्रकाश यांनी गिधाडांची व घरट्यांची नोंद ठेवली होती, म्हणून १९९० नंतरची घट आकड्यांत दिसली. पुढे देशभर ठरावीक रस्त्यांवरून पुन्हापुन्हा मोजणी झाली. पांढऱ्या पाठीची गिधाडे १९९२ साली हजार होती असे धरले, तर २००७ साली त्यांतले एखादेच उरले होते.

मग कारण. कोणी शेतातल्या कीटकनाशकांचे नाव घेतले, कोणी साथीच्या रोगाचे. साथीचा तर्क बराच काळ टिकला. मेलेले पक्षी उघडून पाहिले, तेव्हा पुष्कळांच्या काळजावर व हृदयावर खडूसारखा पांढरा थर आढळला. मूत्रपिंड निकामी होऊन युरिक आम्ल रक्तात साचले की असे होते. पाकिस्तानात लिंडसे ओक्स व त्यांच्या सहकाऱ्यांनी असा थर असलेली २५ गिधाडे तपासली. सगळ्यांत डायक्लोफेनॅक हे औषध सापडले. थर नसलेल्या १३ पक्ष्यांत ते मुळीच नव्हते. एवढ्यावर न थांबता त्यांनी हे औषध टोचलेल्या जनावरांचे मांस पाळलेल्या गिधाडांना घातले, तर तसाच थर होऊन पक्षी मेले. हे २००४ साली प्रसिद्ध झाले.

डायक्लोफेनॅक म्हणजे तेच सूज व वेदना कमी करणारे औषध, जे लंगडणाऱ्या बैलाला किंवा कास सुजलेल्या म्हशीला सर्रास टोचले जाई. जनावराला त्याने आराम पडे, पण टोचल्यानंतर दोनतीन दिवसांत ते मेले तर त्याचे मांस विषारी राही. हिशेब केला तेव्हा दिसले की शंभरात एखादेच मढे असे असले तरी गिधाडांचा नायनाट व्हायला पुरे. कारण सोपे आहे: एका मढ्यावर अख्खा थवा जेवतो, आणि मादी वर्षाला एकच अंडे घालते. कोंबडीसारखी भरपाई तिला जमत नाही.

भारतात २००६ साली जनावरांसाठी हे औषध बंद झाले. तरी माणसांसाठीच्या मोठ्या कुप्या गोठ्यात येतच राहिल्या, म्हणून २०१५ साली माणसांच्या इंजेक्शनची कुपी ३ मिलिलिटरवर आणली गेली. २०२३ साली किटोप्रोफेन व असेक्लोफेनॅकही जनावरांसाठी बंद झाली. गिधाडांना न बाधणारे औषध आहे. त्याचे नाव मेलॉक्सिकॅम. गुरांच्या डॉक्टरांकडे ते नाव घेऊन मागा. दुकानदार "एकच गोष्ट" म्हणून दुसरी कुपी पुढे करील, ती घेऊ नका. घरातले उरलेले इंजेक्शन तर कधीच टोचू नये.

उपचार चालू असताना जनावर दगावले आणि औषध कोणते होते याची खात्री नसेल, तर ते उघड्यावर टाकू नका. विहीर व ओढा यांपासून लांब खोल खड्डा खणून पुरा, वर चुना टाका.

कुत्र्यांचा प्रश्न आपल्या घराशी येतो. उघड्यावरच्या मढ्यांवर कुत्री पोसली जातात, वाढतात आणि चावतात. पिसाळलेल्या कुत्र्याच्या चाव्यावर हळद, मिरची, चुना लावण्यात वेळ दवडू नये. जखम वाहत्या पाण्याखाली साबणाने पंधरा मिनिटे धुवावी आणि त्याच दिवशी सरकारी दवाखान्यात जाऊन लस सुरू करावी. ठरलेल्या तारखांची सगळी इंजेक्शने पुरी करावीत, जखम भरली तरीही.