कातडीआधी कागद

पोरी, वजन उतरलं तेव्हा तुझ्या आवाजातला आनंद मला फोनवर ऐकू आला होता. मागच्या आठवड्यात बोललीस तेव्हा आवाज वेगळा होता. पोटाची कातडी ओघळून मांडीवर येते, घडीखाली सतत ओल राहते, उन्हाळ्यात लुगड्याची गाठसुद्धा सहन होत नाही, असं म्हणालीस. आणि शेवटी हळूच विचारलंस, की आत्या, याचे पैसे विम्यातून मिळतील का गं? धामणगाव बढे आणि आजूबाजूच्या खेड्यांत आरोग्य सेविका म्हणून माझी सगळी नोकरी झाली. त्यानंतर बायाबापड्यांच्या क्लेमच्या फायली लावून द्यायचं काम आपोआप माझ्याकडे आलं. त्यातून जे कळलं ते सगळं तुला सांगते. फोनवर अर्धं राहून जातं म्हणून लिहिते आहे.

एजंटनं तुला ‘कॉस्मेटिक आहे, मिळणार नाही’ असं सांगितलं. तो खोटं बोलला नाही, पण त्यानं कलम अर्धंच वाचलं. आपल्या देशात आरोग्य विम्यातल्या ठरावीक अपवादांची भाषा विमा नियामकानं, म्हणजे आयआरडीएआयनं, ठरवून दिलेली आहे. कंपनी कुठलीही असो, तुझ्या पॉलिसीत अपवादांचं आठव्या क्रमांकाचं कलम सापडेल. ते कॉस्मेटिक आणि प्लास्टिक सर्जरीचं. रूप बदलण्यासाठी केलेल्या उपचाराचा खर्च मिळणार नाही, असं त्यात आहे. पण ते वाक्य तिथं संपत नाही. अपघात, भाजणं किंवा कर्करोगानंतरची पुनर्रचना त्यातून वगळली आहे. आणि प्रकृतीला असलेला थेट, तातडीचा धोका दूर करण्यासाठी जो उपचार गरजेचा आहे, तोही वगळला आहे. अट एकच, ही गरज उपचार करणाऱ्या डॉक्टरनं लेखी प्रमाणित केली पाहिजे. तुझा सगळा क्लेम या मागच्या अर्ध्या वाक्यावर उभा राहणार आहे, हे पदराला गाठ मारून ठेव.

प्लास्टिक सर्जरी म्हटलं की लोकांना सिनेमातल्या नट्या आठवतात. खरं तर १७९४ च्या ऑक्टोबरात लंडनच्या ‘जंटलमन्स मॅगझिन’नं या विद्येची जी हकिकत छापली ती आपल्या पुण्याजवळची. इंग्रजी फौजेतला कावसजी नावाचा बैलगाडीवान टिपूच्या कैदेत सापडला होता आणि त्याचं नाक कापलं गेलं होतं. कपाळाची कातडी वळवून त्याला नवं नाक करून दिलं. मोडलेलं शरीर पुन्हा जगण्याजोगं करणं हेच त्या विद्येचं मूळ काम. म्हणून डॉक्टरांपुढे बसताना संकोच करू नकोस. नटायला निघालेली बाई नाहीस तू.

आता कागदाकडे येते, कारण इथंच बहुतेकांचं बिघडतं. आपल्या बाया घडीखालचं दुखणं लपवतात. मेडिकलवाल्याकडून कुठलीतरी ट्यूब आणतात आणि अंधारात लावतात. त्या ट्यूबांमध्ये बऱ्याचदा स्टेरॉईड असतं. दोन दिवस खाज थांबते, मग नायटा दुप्पट पसरतो, कातडी पातळ होते, आणि इतकं सोसूनही कुठे नोंद नसते. कंपनीच्या डॉक्टरच्या टेबलावर फाईल जाते तेव्हा त्यात एकही जुना केसपेपर नसतो. मग त्यानं कशावरून मानायचं, की दोन उन्हाळे तू हे सोसलंस?

तेव्हा यापुढे घडीखाली लाल झालं, सोललं, वास आला, पाणी सुटलं, की त्याच दिवशी दवाखान्यात जायचं. धामणगावच्या प्राथमिक आरोग्य केंद्रात गेलीस तरी चालेल. १५ ऑगस्ट २०२३ पासून राज्याच्या आरोग्य विभागाच्या दवाखान्यांत केसपेपरलाही पैसे लागत नाहीत, आणि सरकारी केसपेपरवरची तारीख कोणी खोटी म्हणत नाही. डॉक्टरांना घडी उचलून दाखव. लाज वाटली तर सिस्टरला आत बोलावून घे, पण दाखव. ‘खाज, मलम दिलं’ एवढंच लिहिलं तर नम्रपणे म्हण, की साहेब, कुठे आहे, किती पसरलं आहे, कितव्यांदा होतं आहे तेही लिहा. मधून एकदा बुलढाण्याला किंवा जळगावला त्वचारोगतज्ज्ञांना दाखव. तिथं कातडीचा कण काढून बुरशीची तपासणी झाली तर तो रिपोर्ट दहा शब्दांच्या वर्णनापेक्षा मोलाचा. औषधाचं बिल तुझ्या नावानं घे, कोऱ्या चिठ्ठीवर नको.

हे निदान तीन महिने सलग चालू दे. अमेरिकेत विमा कंपन्यांनी यासाठी लेखी मापदंडच केले आहेत. साधारणपणे त्या तीन महिने औषधोपचार होऊनही न बरी होणारी घडीतली जखम, किमान सहा महिने स्थिर वजन आणि ओटीपोटाच्या हाडाखाली उतरलेली कातडी मागतात. वजन ऑपरेशननं उतरवलं असेल तर वर दीड वर्ष थांबायला लावतात. आपल्याकडे असा मापदंड पॉलिसीत सहसा छापलेला नसतो. पण गरज पटवायची म्हटली की याच गोष्टी दाखवाव्या लागतात, म्हणून त्या आधीच तयार ठेव.

फोटोही काढायचे. घरात वन्संना सांग, परक्याकडून नको. समोरून उभी, बाजूनं उभी, आणि घडी उचलून आतली जखम. फोटोत तारीख दिसू दे. मोबाईलमधले फोटो एका वेगळ्या जागी जपून ठेव, कारण मोबाईल पडला, फुटला की सगळं जातं. वजनाची वहीही कर. महिन्यातून एकदा, शक्यतो एकाच काट्यावर. आणि चालताना, वाकताना, शेतात निंदताना काय होतं तेही डॉक्टरांना बोलून दाखव, म्हणजे त्यांच्या पत्रात ते येईल. बाई कामाला वाकू शकत नाही, ही ओळ ‘पोट ओघळलं आहे’ या ओळीपेक्षा वजनदार असते.

थांबायला सांगते ते केवळ कंपनीसाठी नाही, तुझ्या जखमेसाठीही. वजन वरखाली होत असताना कातडी काढली तर काम फुकट जातं. तुझ्यासारख्या बॅरिॲट्रिक, म्हणजे वजन उतरवायचं, ऑपरेशन झालेल्या माणसाच्या अंगात लोह, बी-१२ आणि प्रथिनं कमी पडतात, आणि ती कमी असली की टाके भरत नाहीत. हिमोग्लोबिन आधी वर आण. साखर असेल तर तीन महिन्यांची सरासरी दाखवणारी तपासणी करून घे. आणि एक गोष्ट तुला वाईट वाटली तरी सांगते. दुपारची तंबाखूची चिमूट बंद कर, निदान महिनाभर आधीपासून. तंबाखूनं बारीक रक्तवाहिन्या आवळतात, आणि या ऑपरेशनचा चिरा कमरेच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत असतो. त्याच्या कडा रक्ताविना काळ्या पडलेल्या मी पाहिल्या आहेत.

सर्जनकडे जाशील तेव्हा दोन ऑपरेशनांतला फरक माहीत असू दे. पोटावरून लोंबणारी जादा कातडी आणि चरबी काढायची, त्याला पॅनिक्युलेक्टमी म्हणतात. त्यासोबत पोटाचे स्नायू आवळून, बेंबी नव्या जागी बसवून पोट सपाट करायचं, ती अ‍ॅब्डॉमिनोप्लास्टी, लोक तिलाच टमी टक म्हणतात. जे काही मिळेल ते पहिल्यासाठी मिळायची शक्यता आहे. दंडाची, मांडीची कातडी एकाच अंदाजपत्रकात घातलीस तर सगळ्याच कागदाला सौंदर्याचा वास येतो. म्हणून पोटाचा खर्च वेगळा लिहून माग. तुझं सिझेरियन झालेलं आहे, तेव्हा जुन्या टाक्यातून हर्निया उतरला आहे का हेही तपासून घे. हर्निया खरोखर असेल तर तो साधारण दोन वर्षांच्या प्रतीक्षेनंतर पॉलिसीत बसतो. पण नसलेला हर्निया कोणी कागदावर आणायला निघालं तर उठून ये. अशी फाईल उघडी पडली तर पॉलिसीच रद्द होते, आणि पुढे खऱ्या दुखण्यातही कोणी दारात उभं करत नाही.

डॉक्टरांचं पत्र आधी वाचून घे. वजन किती होतं, किती झालं, किती महिने स्थिर आहे, घडी कुठवर येते, किती वेळा संसर्ग झाला, कोणती औषधं किती दिवस दिली आणि तरी का बरं झालं नाही, ऑपरेशन केलं नाही तर काय धोका आहे, हे त्यात हवं. ‘रुग्णाच्या इच्छेवरून’ हे शब्द दिसले तर सर्जनशी बोल. तुझी इच्छा आहेच, पण कारण जखम आहे.

पॉलिसीचं बाड कपाटात नुसतं ठेवू नको. त्यासोबत ग्राहक माहितीपत्रक येतं, ते मराठीत मागायचा तुला हक्क आहे. त्यात सहाव्या क्रमांकाचा अपवादही बघ, तो लठ्ठपणाच्या ऑपरेशनचा. बीएमआय ४० किंवा जास्त, किंवा निदान ३५ आणि सोबत हृदयविकार, आटोक्यात न येणारा मधुमेह, झोपेत श्वास अडकण्याचा गंभीर त्रास असं काही असेल, तर ते ऑपरेशन या अपवादातून सुटतं. तुझं पहिलं ऑपरेशन त्या अटींत बसलं होतं, म्हणून ती जुनी फाईल नव्या फाईलच्या खाली जोड. दीक्षित डॉक्टरांचा दोन वेळच्या जेवणाचा नेम पाळून ज्यांनी वजन उतरवलं त्यांना हे कलम आड येत नाही, त्यांच्यासमोर फक्त आठवं असतं. आधीच्या आजारांसाठीची प्रतीक्षा आता जास्तीत जास्त तीन वर्षं आहे. पाच वर्षं सलग हप्ते भरले असतील तर फसवणूक वगळता ‘तुम्ही आधी सांगितलं नाही’ म्हणून कंपनी क्लेम अडवू शकत नाही. पण अपवादाची कलमं पाच वर्षांनंतरही तशीच राहतात, त्यात घोटाळा करू नको. आणि जावईबापूंच्या पुण्याच्या कंपनीचा सामूहिक विमा आहे ना, तो आधी तपास. अशा विम्यात बऱ्याचदा प्रतीक्षा माफ असते.

महात्मा फुले योजनेचंही विचारलंस. १ जुलै २०२४ पासून राज्यातल्या सगळ्या कुटुंबांना वर्षाला पाच लाखांचं संरक्षण आहे, पण ते ठरलेल्या उपचारांच्या यादीपुरतं, आणि रूपासाठीची ऑपरेशनं त्यात येत नाहीत. हर्निया निघाला तर मात्र रुग्णालयातल्या आरोग्यमित्राला विचारल्याशिवाय एक रुपयाही भरू नको. कुठूनच जमलं नाही तर नागपूरच्या शासकीय वैद्यकीय महाविद्यालयात किंवा मुंबईच्या केईएम, सायनला प्लास्टिक सर्जरीचा विभाग आहे. रांग मोठी, पण खर्च खासगीच्या मानानं फार थोडा.

ऑपरेशन ठरलेलं आहे, अचानक आलेलं नाही, म्हणून आधी मंजुरी मागायची. रुग्णालयाच्या टीपीए डेस्कवर, म्हणजे विम्याच्या खिडकीवर, फॉर्म भरतात तेव्हा तू शेजारी उभी राहा आणि केसपेपर, फोटो, पत्र सगळं त्याच वेळी जोडायला लाव. आयआरडीएआयच्या २९ मे २०२४ च्या परिपत्रकानुसार कॅशलेसच्या मागणीवर एका तासात आणि रुग्णालयातून सुट्टी मिळताना तीन तासांत कंपनीनं उत्तर द्यायचं असतं. कॅशलेस नाकारलं म्हणजे क्लेम मेला असं नाही. बिल भरून नंतर मागता येतं, फक्त पॉलिसीत दिलेली मुदत चुकवायची नाही. मूळ कागद देण्याआधी प्रत्येकाची झेरॉक्स काढ.

नकार आलाच तर रडत बसू नको. तोंडी नकार घ्यायचा नाही. कोणत्या कलमाखाली, हे लेखी मागायचं. कंपनीच्या क्लेम समितीच्या मंजुरीशिवाय क्लेम फेटाळता येत नाही, तेव्हा ती मंजुरी घेतली का, हेही पत्रात विचारायचं. मग कंपनीच्या तक्रार निवारण अधिकाऱ्याला लिहायचं, आणि सोबत आयआरडीएआयच्या बीमा भरोसा पोर्टलवर नोंदवायचं, त्याचा फोन १५५२५५. त्यांनीही नाकारलं किंवा महिनाभर उत्तर दिलं नाही, तर विमा लोकपाल. बुलढाणा जिल्ह्याची तक्रार पुण्याच्या कार्यालयाकडे जाते, ते नारायण पेठेत न. चिं. केळकर रस्त्यावर जीवन दर्शन इमारतीत आहे. फी नाही, वकील चालत नाही, ५० लाखांपर्यंतचा निवाडा ते देऊ शकतात आणि तो कंपनीवर बंधनकारक असतो. नकारापासून एका वर्षाच्या आत जायचं. ग्राहक आयोग बुलढाण्यातच आहे, तिथं दोन वर्षांची मुदत. पण आयोगात दावा लावलास तर लोकपालांचं दार बंद होतं, म्हणून आधी लोकपाल.

तिथं बोलताना कंपनीला शिव्या घालू नकोस. केसपेपर तारखेनं लावून पुढे ठेव आणि आठव्या कलमाचं मागचं अर्धं वाक्य वाचून दाखव.

ऑपरेशननंतर पोटाला नळ्या असतात, पाणी साचू नये म्हणून. त्या निघेपर्यंत एसटीनं येऊ नको, गाडी करा. पट्टा बांधून दुसऱ्याच दिवसापासून थोडं थोडं चाल, पायात गुठळी होऊ नये म्हणून. घरी आल्यावर ड्रेसिंग, औषधं, पट्टा, तपासणी यांचीही बिलं ठेव. सुट्टीनंतरचे ६० दिवस, काही पॉलिसींत ९०, हा खर्च धरला जातो, आणि तो मागायचं बहुतेक जण विसरतात. तुझ्या पॉलिसीत किती दिवस आहेत ते बघून मला कळव.