पोलादाच्या मळीचें पृथक्करण व खारी जमीन

भाईंदरच्या पश्चिमेस राई, मुर्धा व मोरवा या गांवांची बरीचशी जमीन खाडीकांठची असून शेजारीं मिठागरें आहेत. पोलादाच्या कारखान्यांतील मळी, जिला तेथें स्लॅग म्हणतात, अशा शेतांत घालावी काय, याचें उत्तर मळीच्या घटकांवरच अवलंबून आहे.

पोलाद करतांना लोखंडांतील सिलिकॉन, स्फुरद वगैरे द्रव्यें जळून चुन्याशीं संयोग पावतात व रसावर तरंगतात. तीच मळी होय. 1878 च्या सुमारास इंग्लंडांत टॉमस व गिलख्रिस्ट यांनीं स्फुरद मळींत उतरविण्याची रीत यशस्वी केली. त्या मळींत स्फुराम्ल शेंकडा 14 ते 20 असे. म्हणून ती दळून युरोपांत खत म्हणून विकली जाई. हल्लींच्या प्राणवायूच्या भट्टीची मळी निराळी आहे. तिच्या शंभर भागांत सामान्यतः चुना 40 ते 50, सिलिका 10 ते 18, लोहाचे ऑक्साइड 15 ते 30, मॅग्नेशिया 3 ते 12 व स्फुराम्ल बहुधा 1 ते 3 च असतें. म्हणजे नांव तेंच, पण खत तें नव्हे.

पृथक्करणासाठीं ढिगाचे दहापंधरा ठिकाणचे तुकडे घ्यावे, कुटून एकत्र करावे, ढीग चार भागांत वांटून समोरासमोरचे दोन भाग टाकावे, व उरलेले पुनः तसेच कमी करीत शेरभर नमुना प्रयोगशाळेस द्यावा. एकाच खड्याची परीक्षा फसवी ठरते. चुना व एकंदर स्फुराम्लाबरोबर शेंकडा 2 सायट्रिक आम्लांत विरघळणारें स्फुराम्ल किती, हें अवश्य विचारावें. पिकास उपयोगी पडतें तें मुख्यतः एवढेंच. क्रोमियम व व्हॅनेडियम हेही तपासून घ्यावे. मिश्रपोलादाच्या मळींत क्रोमियम फार असूं शकतें. ती शेतांत आणूंच नये.

आतां जमिनीकडे वळूं. मळींतील चुना आम्लता मारतो. कोंकणच्या तांबड्या वरकस जमिनी पुष्कळदां आम्ल असतात. तेथें बारीक दळलेली, तपासलेली मळी चुन्याऐवजीं चालेल. खाडीकांठच्या जमिनीचें दुखणें मात्र मीठ हें आहे. मळीनें मीठ निघत नाहीं. उलट अल्कता वाढण्याचें भय असतें. तेथें बांध धड ठेवणें, पावसाचें गोडें पाणी सांठवून मीठ धुऊन काढणें व परीक्षेंत सोडियम अधिक दिसल्यास जिप्सम घालणें, हाच मार्ग होय.

तेव्हां फुकट मिळते म्हणून गाडी भरूं नये. आधीं माती तपासावी, मग मळी, आणि मगच खर्चाचा विचार करावा, अशी आमची सूचना आहे.