घरगुती साबण आणि बाजारचा हिशेब

शेतींतील मालावर घरींच कांहीं संस्कार करून तो बाजारांत न्यावा, म्हणजे दोन पैसे अधिक मिळतात, हा उपदेश आतां नवा राहिलेला नाहीं. त्याला अनुसरून पुष्कळ घरांतून हातानें केलेला साबण, उटणें, गोधड्या, घोंगड्या असा माल विक्रीला येऊं लागला आहे. हा उद्योग चांगला कीं वाईट, असा प्रश्न येथें नाहीं. प्रश्न एवढाच कीं, बाजार उठल्यावर जी रक्कम पदरांत राहते ती नफा आहे, कीं घरच्या बाईची न दिलेली मजुरी आहे? याचा उलगडा करण्यासाठीं साबण कसा होतो, तो किती वजनाचा भरतो, कायदा काय मागतो आणि बाजारचा दिवस कितीला पडतो, हे चार विषय क्रमानें पाहूं. निष्कर्ष आधींच सांगून ठेवतों : साबण हा घरोघर करण्याचा माल नव्हे, अनेक घरांनीं मिळून एका छपराखालीं करण्याचा व एका पालाखालीं विकण्याचा तो माल आहे.

१. कृति

तेल आणि कॉस्टिक सोडा यांचा संयोग झाला म्हणजे साबण होतो. प्रत्येक तेलाला सोडा निरनिराळा लागतो, व तो अंदाजानें घालून चालत नाहीं. दर किलो तेलामागें लागणारा सोडा सुमारें येणेंप्रमाणें आहे : खोबरेल १८३ ग्रॅम, निंबोळीचें तेल १३९ ग्रॅम, भुईमुगाचें किंवा करडईचें तेल १३६ ग्रॅम, एरंडेल १२८ ग्रॅम.

उदाहरणार्थ, एक किलोच्या घाण्याला खोबरेल ४०० ग्रॅम, भुईमुगाचें तेल ४५० ग्रॅम, निंबोळीचें १०० ग्रॅम व एरंडेल ५० ग्रॅम घेतलें, तर सोडा अनुक्रमें ७३.२, ६१.२, १३.९ व ६.४ मिळून १५४.७ ग्रॅम लागेल. परंतु थोडें तेल मोकळें राहिलें पाहिजे, नाहीं तर साबण कातडीला झोंबतो. म्हणून शेंकडा पांच सोडा कमी करून १४७ ग्रॅम घ्यावा. पाणी ३०० ग्रॅम पुरे. निंबोळ्या बांधावर फुकट मिळतात म्हणून हें तेल वाढविण्याचा मोह होतो. पण त्याचा दर्प उग्र असल्यामुळें शेंकडा दहाच्या पुढें जाऊं नये.

सोडा पाण्यांत हळूहळू सोडावा. सोड्यावर पाणी कधींही ओतूं नये, कारण तें उकळून अंगावर उडतें. भांडें पोलादाचें असावें. ॲल्युमिनियमचें पातेलें सोडा खाऊन टाकतो, आणि त्यांतून पेट घेणारा वायु निघतो. हातांत रबरी मोजे, डोळ्यांवर चष्मा व दारें-खिडक्या उघड्या असाव्यात. पोरेंबाळें जवळ फिरकूं देऊं नयेत. सोडा अंगावर उडाल्यास स्वच्छ पाण्याची धार पुष्कळ वेळ सोडावी. डोळ्यांत गेल्यास पाणी मारीतच दवाखाना गांठावा. ज्या घरांत चुलीजवळच मुलें झोपतात त्या घरीं हें काम होऊं नये, एवढें एकच कारण स्वतंत्र छपरासाठीं पुरेसें आहे.

सोड्याचें पाणी व तेल दोन्ही कोमट झालीं म्हणजे एकत्र करून ढवळावीं. पळीनें ओढलेली रेघ वर उमटून राहूं लागली कीं मिश्रण साच्यांत ओतावें. एक-दोन दिवसांनीं वड्या पाडाव्यात व हवेशीर फळीवर चार ते सहा आठवडे वाळूं द्याव्यात. ज्या वडीवर ओले सोड्याचे ठिपके किंवा पोकळींत पाणी दिसेल ती विकूं नये.

२. वजन

ह्या ठिकाणीं पुष्कळांचा हिशेब चुकतो. वरील घाणा ताजा असतां १,४४७ ग्रॅम भरतो. त्याच्या १०० ग्रॅमच्या चौदा वड्या पडल्या असें मानून वेष्टनावर १०० ग्रॅम छापलें जातें. परंतु वाळतांना पाणी उडून शेंकडा तेराच्या आसपास वजन घटतें, आणि दीड महिन्यानंतर तीच वडी ८७ ग्रॅम भरते. विकणारीच्या मनांत कपट नसलें, तरी गिऱ्हाइकाच्या हातांत गेलेलें वजन खोटेंच ठरतें.

यासाठीं नियम असा ठेवावा : १०० ग्रॅमची वडी हवी असल्यास ताजी वडी ११८ ग्रॅमची पाडावी. ती वाळून सुमारें १०२ ग्रॅम भरेल. अशा वड्या एका घाण्यांत बाराच होतात. चौदा आणि बारा ह्यांतील दोन वड्यांचा फरक हाच अनेकांना भासणारा खोटा नफा होय. हवेच्या कोरडेपणानुसार घट कमीजास्त होते. म्हणून प्रत्येक घाण्यांतील एक वडी बाजूला ठेवून दर आठवड्याला तोलावी व वजन वहींत मांडावें. लागोपाठ दोन आठवडे वजन जवळजवळ स्थिर राहिलें म्हणजे माल बाजारजोगा झाला.

याच कारणानें माल बाजाराच्या आदल्या आठवड्यांत करतां येत नाहीं. आषाढी वारीला विकावयाचा साबण वैशाखांतच साच्यांत पडला पाहिजे. म्हणजे तेलांत घातलेलें भांडवल दीड महिना अडकून राहतें, हेंही ध्यानांत घ्यावें.

३. कायदा

औषधांविषयींचा मूळ कायदा १९४० चा. त्यांत १९६२ सालीं सौंदर्यप्रसाधनांचा समावेश झाला, तेव्हां साबण व्याख्येंतून वगळलेला होता. १९८२ च्या दुरुस्तीनें ती सूट गेली. सांप्रत २०२० चे सौंदर्यप्रसाधन नियम लागू आहेत, आणि अंगाला लावण्याचा साबण विक्रीसाठीं तयार करावयाचा तर राज्याच्या अन्न व औषध प्रशासनाचा उत्पादन परवाना लागतो. परवान्यासाठीं योग्य जागा व उपकरणें पाहिजेत, आणि रसायनशास्त्र किंवा औषधनिर्माण शिकलेल्या माणसाची देखरेख पाहिजे. परवानाधारक कारखान्यांत आपला माल करून घेण्याचीही तरतूद नियमांत आहे. नुसती विक्री करणाऱ्याला निराळा परवाना लागत नाहीं; म्हणून “दुकानदाराला कोणी विचारीत नाहीं, मग आम्हांला कां?” हा प्रश्न गैरसमजाचा आहे. कपडे धुण्याचा साबण ह्या व्याख्येंत येत नाहीं. ज्यांना लहान प्रमाणावर हात बसवावयाचा आहे त्यांनीं आरंभ तेथून करावा.

दुसरा कायदा वजनमापांचा. २००९ चा वैधमापन कायदा व २०११ चे आवेष्टित वस्तूंचे नियम यांप्रमाणें वेष्टनावर करणाराचें नांव व पत्ता, वस्तूचें नांव, निव्वळ वजन, तयार केल्याचा महिना व साल, सर्व करांसह कमाल किंमत आणि तक्रारीसाठीं संपर्क हें सर्व छापलेलें असावें. हे नियम कपड्याच्या साबणालाही लागू आहेत. बाजारांतील तराजू व वजनें वैधमापन खात्याकडून पडताळून शिक्का मारलेलीं असावींत.

तिसरी गोष्ट जाहिरातीची. निंबोळीच्या साबणावर “खरूज, गजकर्ण हमखास जातें” असें छापलें कीं तो साबण राहत नाहीं, औषध ठरतो. आणि त्याला औषधाचा निराळा कायदा लागतो. मळ निघतो व कातडी मऊ राहते, एवढें खरें सांगितलें तरी पुरे.

एका घराला हा सारा खटाटोप झेपणारा नाहीं. परंतु पंधरा-वीस घरांच्या संस्थेला एक छप्पर, एक परवाना व शास्त्रशाखेंतील एक शिकलेला मुलगा किंवा मुलगी हें कांहीं अशक्य नाहीं.

४. बाजारचा दिवस

खालील दर उदाहरणादाखल घेतले आहेत. वाचकांनीं आपल्या गांवचे दर घालून हिशेब पुन्हां मांडावा. वरील घाण्यास खोबरेल १६० रुपये, भुईमुगाचें तेल ८१, निंबोळीचें ३०, एरंडेल १०, सोडा १५, वास व हळद २४ आणि बारा वड्यांचें वेष्टन ४८, मिळून ३६८ रुपये लागले. वडीमागें ३० रुपये ६७ पैसे पडले. वडी ५० रुपयांना विकली, तर १९ रुपये ३३ पैसे नफा दिसतो, आणि बहुतेक वह्या येथेंच बंद होतात.

महसुली दफ्तरांत जें पीक गांव नमुना बारावर चढलेलें नाहीं, त्याच्या नुकसानीबद्दल भांडतांना शेतकऱ्याची काय अवस्था होते हें सर्वांस ठाऊक आहे. घरच्या बाईचे श्रम हें असेंच न नोंदलेलें पीक आहे. तें वहीवर चढवून पाहूं. साठ वड्या करण्यास व गुंडाळण्यास एक दिवस लागला. मजुरी ४०० रुपये धरली, तर वडीमागें ६ रुपये ६७ पैसे. बाजारचा एक दिवस ४०० रुपये, गाडीभाडें व जागाभाडें १६० रुपये, एकूण ५६०. त्या दिवशीं २४ वड्या खपल्या, तर वडीमागें २३ रुपये ३३ पैसे. सर्व मिळून वडी ६० रुपये ६७ पैशांना पडली आणि विकली ५० रुपयांना. दुसऱ्या रीतीनें पाहतां, २४ वड्यांचा दिसणारा नफा ४६४ रुपये. त्यांतून भाड्याचे १६० गेल्यावर ३०४ उरले, आणि त्यासाठीं जवळजवळ दीड दिवस खर्ची पडला. म्हणजे जी बाई दुसऱ्याच्या रानांत ४०० रुपये मिळविती, तिनें स्वतःच्या धंद्यांत दिवसाला २१७ रुपये मिळविले.

आतां तोच पाल तीन घरांनीं मिळून लावला, एकानें साबण, दुसऱ्यानें डाळी व तिसऱ्यानें गोधड्या मांडल्या आणि विक्रीला एकच माणूस बसला, तर बाजारखर्चाचा तिसरा हिस्सा १८६ रुपये ६७ पैसे येतो. वडीमागें ७ रुपये ७८ पैसे. वडी ४५ रुपये ११ पैशांस पडून पूर्ण मजुरी सुटते व वर जवळजवळ पांच रुपये राहतात. तेल एकत्र घाऊक दरानें घेतल्यास त्यांत आणखी भर पडेल. नफा लहान आहे, पण खरा आहे.

हातमालाचा हिशेबही असाच करावा. गोधडीला आठ दिवस लागले व ती १,५०० रुपयांना गेली, तर दिवसाला १८७ रुपये ५० पैसेच पडले, आणि त्यांतून दोरा व कापड वजा जावयाचें आहे. अशी गोधडी रिकाम्या वेळांत शिवावी, परंतु तिच्यावर घर चालेल असें समजूं नये. घोंगडी व गोधडी नासत नाहींत व त्यांना परवाना लागत नाहीं, म्हणून त्या साबणाच्या जोडीला पालांत असाव्यात. लहान किंमतीच्या वडीसाठीं थांबलेलें गिऱ्हाईक मोठ्या किंमतीच्या मालाकडे पाहतें.

शेवटीं बाजार कोणता, हें पाहिलें पाहिजे. खेड्याच्या आठवडी बाजारांतील गिऱ्हाईक कारखान्याची दहा रुपयांची वडी घेतें. तेथें ५० रुपयांचा साबण नेऊन दिवस दवडूं नये. हातचा साबण शहराचा माल आहे. २०१६ सालीं राज्य सरकारनें फळें व भाजीपाला बाजार समितीच्या नियमनांतून मोकळा केला, आणि त्याच सुमारास कृषि पणन मंडळाच्या द्वारें शहरांतून शेतकरी आठवडे बाजार सुरू करण्याचें अभियान निघालें. त्याला नांव दिलें संत शिरोमणि सावता माळी यांचें, ज्यांची समाधि मोडनिंबच्या शेजारीं अरण येथें आहे. सोलापूर-पुणें रस्ता आपल्या दारावरून जातो. ज्या शेतकरी गटाची भाजी व बोरें अशा बाजारांत जातात, त्याच गाडींत साबणाची एक पेटी गेली तर गाडीभाडें जवळजवळ सुटतें. साबणासाठीं निराळी फेरी मात्र कोणीही करूं नये.

सभासदांस सूचना अशी कीं, यंदा प्रथम फक्त कपड्याचा साबण दहा घाणे करून पाहावा. त्याच्या वजनाची वही व बाजारखर्चाची वही निराळी ठेवावी, आणि श्रमाचा रकाना पहिल्या दिवसापासून भरावा. वर्षअखेर त्या रकान्यांतील मजुरी पूर्ण सुटलेली दिसली, तरच संस्थेच्या सर्वसाधारण सभेपुढें छपराचा व परवान्याचा ठराव आणावा. ती सुटली नसेल, तर वही मिटून निंबोळ्या पेंड करून पिकांना घालाव्यात. त्यांतही नुकसान नाहीं.